मोटरसायकलला विंडशील्ड: निवड, मोजमाप आणि बसवण्याची पद्धत

क्लासिक ३५०, मीटिओर ३५०, हायनेस सीबी ३५० यांसारख्या सरळ बसून चालवायच्या गाड्या शहरात आणि घाटात अतिशय सुखावह असतात. परंतु खंबाटकी ओलांडून साताऱ्याचा मोकळा रस्ता लागला आणि वेग ऐंशीच्या पुढे गेला, की चालकाची छाती वाऱ्यासमोर आडव्या फळीसारखी येते. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ६० किलोमीटरवर जेवढा जोर असतो त्याच्या चौपट तो १२० वर होतो. म्हणूनच शंभर-दीडशे किलोमीटर गेल्यावर मान, खांदे आणि मनगटे भरून येतात. यावरचा उपाय म्हणजे हॅण्डलसमोर बसवायची, वारा वळवणारी काच, अर्थात विंडशील्ड. कंपन्यांनीही ही गरज ओळखली आहे. बजाजने २०२१ मध्ये डॉमिनार ४०० ला उंच काच कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली, आणि मीटिओरच्या सुपरनोव्हा प्रकारात विंडशील्ड पहिल्यापासून बसवलेली येते.

ज्यांच्या गाडीला ती आलेली नाही ते बाहेरून घेतात, आणि बहुतेकांची निवड इथेच चुकते. विंडशील्ड दुकानात गाडीच्या नावाने मागितली जाते, गाडीच्या नावाने विकली जाते आणि फोटोत गाडीवर कशी दिसते ते पाहून पसंत केली जाते. प्रत्यक्षात गाडीच्या मापाचा संबंध फक्त क्लॅम्पपुरता, म्हणजे काच गाडीला पकडून ठेवणाऱ्या कडीपुरता, आहे. काचेची उंची, तिचा कल आणि तिची रुंदी ही चालवणाऱ्याच्या शरीराची मापे आहेत. पाच फूट तीन इंचांच्या चालकाला जी काच उत्तम वाटते, तीच सहा फूट उंचीच्या मित्राच्या हेल्मेटवर सतत बुक्के मारते. या लेखातील सर्व पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

काचेमागे वारा कसा वागतो

काच वाऱ्याला थांबवत नाही, ती त्याला वर आणि बाजूंना वळवते. वरच्या कडेवरून सुटलेला प्रवाह थोडे अंतर स्वच्छ जातो आणि नंतर फुटून त्याचे भोवरे होतात. त्याच वेळी काचेच्या मागे हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे वरून आणि बाजूंनी सुटलेली हवा आत, म्हणजे चालकाच्या दिशेने, ओढली जाते. भोवऱ्यांचा हा पट्टा हेल्मेटवर आला, की डोके लहान लहान झटक्यांनी हलू लागते, नजर अस्थिर होते आणि हेल्मेटमधला आवाज काच नसतानाच्या आवाजापेक्षाही वाढतो. अनेकांना याचे आश्चर्य वाटते, आणि ते आणखी उंच काच घेतात. उंची वाढवल्याने काचेमागचा दाब आणखी कमी होतो. हवा आत खेचली जाते आणि पाठीमागूनही धक्का जाणवू लागतो.

यातून दोन व्यवहार्य पर्याय निघतात. पहिला पर्याय म्हणजे काच इतकी लहान ठेवायची, की वारा फक्त पोटावरून आणि छातीवरून दूर होईल आणि हेल्मेट पूर्णपणे स्वच्छ वाऱ्यात राहील. दुसरा पर्याय म्हणजे काच इतकी उंच आणि योग्य कलाची घ्यायची, की वळलेला प्रवाह हेल्मेटच्या माथ्यावरून निघून जाईल. या दोहोंच्या मधली उंची, म्हणजे वरच्या कडेवरून निघालेला प्रवाह थेट कपाळावर किंवा व्हायझरवर आदळेल अशी, सर्वांत वाईट. आणि बाजारात सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या काचा सरासरी उंचीच्या चालकासाठी नेमक्या याच मध्यावर येतात.

म्हणून खरेदीपूर्वी आपला त्रास कोणता हे स्पष्ट ठरवावे. छातीवरचा दाब आणि थकवा हाच त्रास असेल, तर लहान काच पुरते, स्वस्त पडते आणि हाताळणीवर तिचा परिणाम जवळजवळ होत नाही. थंडी, पाऊस आणि संध्याकाळचे किडे यांपासून संरक्षण हवे असेल, तर उंच काच घ्यावी लागेल. त्रास केवळ आवाजाचा असेल, तर आधी कानात इअरप्लग घालून पाहावेत आणि हेल्मेट मापाचे आहे का ते तपासावे, कारण आवाजासाठी घेतलेली काच बहुधा निराशाच करते. विदर्भात आणि मराठवाड्यात राहणाऱ्यांनी आणखी एक विचार करावा: मे महिन्यात छातीवर येणारा वारा हा त्रास नसून आधार असतो, त्यामुळे तिथे चार बोल्ट काढून सहज उतरवता येणारी काचच घ्यावी.

उंचीचे माप घेणे

उंच काच घेणाऱ्याने एक नियम कधीही सोडू नये: रस्ता काचेतून नव्हे, काचेवरून दिसला पाहिजे. पावसात काचेला वायपर नसतो. रात्री समोरून येणाऱ्या ट्रकचा प्रकाश काचेवरच्या प्रत्येक थेंबात आणि प्रत्येक ओरखड्यात पसरतो. ताम्हिणीत किंवा आंबोलीत धुके असेल तर काच आतूनही धुरकट होते. हेल्मेटचा व्हायझर वर करता येतो, हाताने पुसता येतो. विंडशील्डच्या बाबतीत चालू गाडीवर यांतले काहीच करता येत नाही. काचेतूनच पाहावे लागेल इतकी ती उंच असेल, तर अशा वेळी गाडी थांबवण्याशिवाय मार्ग उरत नाही.

माप घेण्यासाठी एक मदतनीस, एक सरळ काठी, मेजरिंग टेप आणि सपाट जागा लागते. नेहमी वापरता ते जॅकेट आणि हेल्मेट घालून गाडीवर बसा. गाडी मेन स्टँडवर असेल तर सस्पेन्शन दबत नाही आणि माप चुकते. म्हणून स्टँड काढून, दोन्ही चाके जमिनीवर ठेवून, पूर्ण वजन सीटवर द्या आणि गाडी मदतनीसाला धरायला सांगा. पाठ अगदी ताठ ठेवू नका. दोन तास चालवल्यानंतर जशी बैठक होते तशीच ठेवा. आता पुढच्या चाकापासून सुमारे १५ मीटर अंतरावर जमिनीवर खडूने खूण करून ठेवा आणि तिच्याकडे पाहा. मदतनीसाने हेडलाइटच्या थोडे मागे, जिथे काचेची वरची कड येणार आहे तिथे, काठी उभी धरावी. काठीवर ज्या बिंदूतून तुमची नजर खुणेकडे जाते, तिथे पेनाने रेघ ओढा. त्या रेघेच्या ३ ते ५ सेंटिमीटर खाली काचेची वरची कड आली पाहिजे. साधारण उंचीच्या चालकाच्या बाबतीत ही कड त्याच्या ओठांच्या किंवा हनुवटीच्या पातळीवर येते.

या कडेपासून हॅण्डलच्या क्लॅम्पपर्यंतचे अंतर टेपने मोजा आणि कागदावर लिहून ठेवा. दुकानदार काचेची एकूण उंची सांगतो. ती आणि हे अंतर एक नव्हे, कारण काचेचा बराच भाग क्लॅम्पच्या खाली, हेडलाइटच्या भोवती जातो. शिवाय काच मागे कललेली असते, त्यामुळे तिची लांबी आणि तिने गाठलेली उभी उंची यांतही फरक पडतो. शंका असेल तर मापाचा पुठ्ठा कापून चिकटपट्टीने हॅण्डलला लावा आणि उभ्या गाडीवर बसून दृष्टी, आरसे आणि हाताची हालचाल पाहा. पुठ्ठा लावून गाडी मात्र चालवू नये.

रुंदीबद्दल फार बोलायला नको. खांद्यांपर्यंत येणारी रुंदी पुरते. हातांच्या पंज्यांनाही आडोसा हवा म्हणून फार रुंद काच घेतली, तर आडव्या वाऱ्यात तिची किंमत मोजावी लागते. त्यासाठी हॅण्ड गार्ड हा वेगळा आणि अधिक योग्य उपाय आहे.

अॅक्रिलिक की पॉलिकार्बोनेट

आपण तिला काच म्हणतो, पण ती प्लास्टिकची असते, आणि कोणत्या प्लास्टिकची आहे हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. अॅक्रिलिक स्वच्छ दिसते, उन्हात सहसा पिवळे पडत नाही आणि त्यावर ओरखडे तुलनेने कमी पडतात, परंतु दगड लागल्यास ते तडकते आणि त्याचे धारदार तुकडे होतात. पॉलिकार्बोनेट धक्का सहन करण्यात अॅक्रिलिकच्या कितीतरी पुढे आहे; ते वाकते, पण सहसा फुटत नाही. त्याचे दोष असे, की पृष्ठभाग मऊ असल्यामुळे संरक्षक थर नसेल तर ओरखडे लवकर येतात, अतिनील किरणांपासून बचाव करणारा थर नसेल तर ते पिवळे पडते, आणि पेट्रोलसारख्या द्रवांचा त्यावर वाईट परिणाम होतो.

आपल्या महामार्गांवर डंपरच्या चाकातून उडणारी खडी ही रोजची गोष्ट आहे, आणि काच चालकाच्या गळ्यापासून हातभर अंतरावर असते. म्हणून उंच काच घ्यायची असेल तर थर दिलेली पॉलिकार्बोनेटचीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. लहान काचेसाठी चांगले अॅक्रिलिक चालते. जाडी लहान काचेला ३ मिलिमीटर आणि उंच काचेला ४ मिलिमीटर किंवा अधिक असावी. कड बोटाने चाचपून पाहा: ती गोल घासलेली आणि गुळगुळीत असली पाहिजे. करवतीने कापल्याच्या रेघा कडेवर तशाच राहिल्या असतील, तर पुढे तडा तिथूनच सुरू होतो. मग काच डोळ्यांसमोर धरून दूरच्या खांबाकडे किंवा खिडकीच्या चौकटीकडे पाहा आणि काच हळूहळू फिरवा. सरळ रेघ लहरी दिसू लागली तर ती काच परत ठेवा, कारण खड्ड्याच्या आधी किंवा उतारावर नजर खाली जाते तेव्हा काही क्षण काचेतून पाहावेच लागते, आणि त्या क्षणी रस्ता वाकडा दिसून चालणार नाही. याच कारणाने उंच काच काळी किंवा धुरकट रंगाची घेऊ नये. रंगाची हौस लहान काचेवर भागवता येते, कारण तिच्यातून रस्ता पाहण्याची वेळच येत नाही.

इटलीची गिव्ही आणि स्पेनची प्यूग या जुन्या कंपन्यांच्या काचा भारतात मिळतात, देशी उत्पादकही आता बरेच आहेत, आणि रॉयल एनफील्ड स्वतःच्या अधिकृत सुट्या सामानात विंडशील्ड विकते. पुण्यातील नाना पेठेत किंवा दिल्लीच्या करोल बागेत प्रत्यक्ष हाताळून घेता आली तर उत्तम. ऑनलाइन घेताना काच स्वतंत्रपणे, क्लॅम्पशिवाय, पुन्हा मिळते का हे जरूर विचारावे. नाहीतर एका तड्यासाठी पूर्ण संच घ्यावा लागतो.

पकड कुठे घ्यायची

बाहेरून बसवायच्या काचा साधारण तीन ठिकाणी पकडतात: हॅण्डलवर, हेडलाइटच्या बोल्टवर किंवा पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कच्या नळ्यांवर. हेडलाइटच्या बोल्टवर फक्त लहान काच लावावी. उंच काचेवर येणारा भार किती असतो याचा अंदाज असा करता येतो: ४० बाय ५० सेंटिमीटरच्या, वाऱ्यासमोर जवळपास उभ्या काचेवर ताशी १०० किलोमीटर वेगाला सुमारे ९ ते १० किलो वजनाइतका जोर येतो आणि ६० वर साडेतीन किलोच्या आसपास. हा जोर स्थिर नसतो; तो झटक्यांनी येतो आणि क्लॅम्पवर तरफेसारखा काम करतो. म्हणून उंच काचेला किमान चार ठिकाणी आधार असावा, आणि त्यांतले दोन आधार खाली, फोर्कच्या बाजूला असतील तर अधिक चांगले.

क्लॅम्प घेण्यापूर्वी व्हर्निअरने नळीचा व्यास मोजा. हॅण्डल बहुधा २२ मिलिमीटरचे असते, काही क्रूझर गाड्यांचे एक इंचाचे म्हणजे २५.४ मिलिमीटरचे असते, आणि मधोमध जाड होत गेलेल्या हॅण्डलचा मधला भाग २८.६ मिलिमीटरचा असतो. फोर्कची नळी आजच्या बऱ्याच साडेतीनशे सीसी गाड्यांत ४१ मिलिमीटरची आहे. तरीही अंदाजाने घेऊ नका. मोठ्या क्लॅम्पमध्ये रबराचे तुकडे कोंबून बसवलेली काच खड्ड्यात हळूहळू फिरते आणि पुढे झुकते.

फोर्कवर पकड घेणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. ब्रेक मारल्यावर किंवा खड्ड्यात पुढचा शॉकअप दबतो, तेव्हा खालची जाड नळी आपल्या रबरी सीलसह वर सरकते. मीटिओरमध्ये ही हालचाल १३० मिलिमीटर आहे, तर जुन्या हिमालयन ४११ मध्ये २०० मिलिमीटर. खालच्या टी-प्लेटच्या (फोर्कच्या दोन्ही नळ्या धरणाऱ्या आडव्या पट्टीच्या) खाली चकचकीत नळीवर क्लॅम्प लावला आणि तो या अंतरात आला, तर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात सील त्याच्यावर आदळेल. खात्रीचा उपाय म्हणजे क्लॅम्प दोन टी-प्लेटच्या मधल्या भागातच लावावा, कारण तिथे काहीच सरकत नाही.

कायद्याच्या बाजूने पाहिले, तर मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ हे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरणाऱ्या बदलांना मनाई करते. नट-बोल्टने लावलेली आणि काढता येणारी काच त्या प्रकारचा बदल नाही. परंतु तिच्यामुळे हेडलाइट, इंडिकेटर किंवा पुढची नंबर प्लेट झाकली गेली तर दंडाला कारण मिळते. उच्च सुरक्षा नंबर प्लेट न उघडणाऱ्या कुलुपी रिव्हेटने बसवलेली असते, त्यामुळे ब्रॅकेटसाठी ती सरकवण्याचा विचारही करू नये. महागडी काच घेतली असेल तर विम्याच्या पॉलिसीत सुटे सामान म्हणून तिची नोंद करून घ्यावी.

बसवण्याची पद्धत

काम सावलीत करा. उन्हात तापलेले प्लास्टिक मऊ आणि फुगलेले असते. ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या अॅलन की, १० आणि १२ चे पाने, टेप, कागदी चिकटपट्टी, मऊ सुती फडके आणि पेट्रोलच्या टाकीवर टाकायला जुनी चादर एवढे साहित्य पुरे. काचेवरची संरक्षक फिल्म पूर्ण काढू नका. फक्त छिद्रांभोवती ती सोलून ठेवा, नाहीतर ती वॉशरखाली अडकून राहते.

प्रथम हॅण्डल सरळ करून, ओल्या फडक्याने पुसून, कोरडे करून घ्या. क्लॅम्प बसण्याच्या जागी तेल किंवा पॉलिश राहिले तर पकड सरकते. क्लच केबल, अॅक्सिलरेटर केबल, ब्रेकचा होज आणि स्विचच्या वायरी आता कुठून जातात याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काम संपल्यावर तो उपयोगी पडतो. क्लॅम्प रबरी पट्टीसह हॅण्डलवर आणि फोर्कवर सैलसर बसवा. कोणताही बोल्ट अजून आवळू नका. एक बोल्ट आधी घट्ट केला, की पुढचे छिद्र जुळत नाही, मग काच ओढून जुळवली जाते, आणि तो ताण तिच्या अंगात कायमचा राहतो. काही महिन्यांनी काहीही न लागता छिद्रापासून जो तडा जातो, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

आता काच लावा. प्रत्येक छिद्रात रबरी बुश असलाच पाहिजे, आणि बोल्टच्या डोक्याखाली नायलॉनचा किंवा रबराचा वॉशर हवा. काचेतील छिद्र बोल्टपेक्षा मोठे असते म्हणून अनेक मेकॅनिकना ते चुकीचे वाटते आणि ते धातूचा मोठा वॉशर घालून करकचून आवळतात. ते छिद्र मुद्दाम मोठे ठेवलेले असते. या दोन्ही प्लास्टिकचे उष्णतेने होणारे प्रसरण लोखंडाच्या पाच-सहा पट असते. अर्धा मीटर लांबीची काच ३० अंशांच्या फरकाने जवळपास एक मिलिमीटर वाढते. महाबळेश्वरची पहाट आणि सोलापूरची दुपार एकाच दिवसात पाहणाऱ्या गाडीच्या काचेला तेवढी जागा मिळालीच पाहिजे.

चारही बोल्ट दोन-तीन आटे फिरवून धरले, की काच मध्यावर आणा. नजरेवर विसंबू नका. काचेच्या दोन्ही कडांपासून आरशांच्या दांड्यांपर्यंतचे अंतर टेपने मोजा आणि ते सारखे करा. त्यानंतर कल ठरवा. सुरुवातीला काच बाजूने पाहिल्यावर फोर्कला साधारण समांतर, किंवा त्यापेक्षा किंचित अधिक मागे कललेली ठेवा. फार मागे घेतली तर जोराच्या ब्रेकमध्ये तिची कड हेल्मेटच्या जवळ येते. काचेची खालची कड आणि हेडलाइट यांच्यामध्ये दोन-तीन बोटे मोकळी जागा राहू द्या. तिथून आत येणारी थोडी हवा काचेमागचा कमी दाब भरून काढते आणि हेल्मेटवरचे झटके लक्षणीय कमी करते. ती फट कुरूप दिसते म्हणून रबराने बुजवणाऱ्यांनी तो फायदा स्वतःहून घालवलेला असतो.

आवळताना आधी धातूवर धातू असलेले क्लॅम्पचे बोल्ट घ्या. पत्रकात टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, दिलेला असेल तर तोच पाळा. दिलेला नसेल तर ६ मिलिमीटरच्या बोल्टला सुमारे ८ न्यूटन-मीटर पुरेसे होतात. क्लॅम्पच्या दोन्ही बाजूंची फट समान राहील असे आळीपाळीने फिरवत जा. काचेचे बोल्ट सर्वांत शेवटी, तिरप्या क्रमाने, छोट्या अॅलन कीने फक्त बोटांच्या जोरावर आवळा. रबर किंचित दबलेले दिसले की थांबा. बरोबर बसलेली काच बोल्टजवळ अंगठ्याने दाबली तर केसभर हलते आणि परत जागेवर येते. हे बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून नायलॉन अस्तराचे नट वापरा. बोल्टच्या आट्यांना लावायचे चिकट द्रव पॉलिकार्बोनेटला लागले तर त्यावर जाळीसारखे बारीक तडे पडतात. ते काचेच्या बोल्टवर कधीही लावू नये.

मूळ छिद्रे जुळत नाहीत म्हणून घरी नवे छिद्र पाडण्याचा मोह टाळावा. अॅक्रिलिकला लोखंडाचे धारदार ड्रिल बाहेर पडताना ओढते आणि तिथेच चीर जाते. काच जुळत नसेल तर ब्रॅकेट बदला.

यानंतरची तपासणी कोणीही गाळू नये. हॅण्डल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण टोकापर्यंत फिरवा. काच, ब्रॅकेट किंवा बोल्टचे टोक टाकीला, इंडिकेटरला किंवा केबलला कुठेही लागता कामा नये. दोन्ही टोकांना अॅक्सिलरेटर पूर्ण फिरवून सोडा. तो झटकन परत आला पाहिजे. क्लचच्या लिव्हरमधला मोकळेपणा तिन्ही स्थितींत सारखा आहे का ते पाहा. मग गाडी न्यूट्रलमध्ये, मेन स्टँडवर, सुरू करून हॅण्डल पुन्हा दोन्हीकडे फिरवा. इंजिनचा आवाज चढला तर केबल ओढली जात आहे असे समजा आणि काढलेल्या फोटोशी ताडून तिचा मार्ग दुरुस्त करा. पार्किंगमध्ये हॅण्डल वळवताच गाडी पुढे झेपावण्याचे हे एक कारण असते. शेवटी पुढचा ब्रेक धरून गाडी जोराने दाबा आणि फोर्क दबताना काही आदळत नाही ना ते पाहा. रात्री अंधाऱ्या भिंतीसमोर हेडलाइट लावून झोतही तपासा. दिव्याचा प्रकाश काचेच्या खालच्या भागात शिरून संपूर्ण काच उजळत असेल, तर आतल्या कडेला काळी पट्टी चिकटवावी.

पहिली चाचणी आणि जुळवाजुळव

पहिली फेरी ओळखीच्या, कमी रहदारीच्या रस्त्यावर, वारा पडलेला असताना घ्या. वेग ४०, ६०, ८० असा टप्प्याटप्प्याने वाढवा आणि प्रत्येक टप्प्यावर हॅण्डल हलके धरून पाहा. दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून सर्व बोल्ट तपासा. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा, कारण रबर बसते आणि पकड थोडी सैल होते.

हेल्मेटवर झटके येत असतील तर ते कुठून येतात हे शोधण्याची सोपी पद्धत आहे. हातभर लांबीचे नव्हे, बोटभर लोकरीचे तुकडे चिकटपट्टीने काचेच्या आतल्या बाजूला आणि दोन्ही कडांना लावा. मागे किंवा शेजारच्या गाडीवर असलेल्या मित्राला त्यांचे चित्रण करायला सांगा. स्वच्छ प्रवाहात धागा सरळ मागे जातो, भोवऱ्यात तो गोल फिरतो, आणि मागून हवा ओढली जात असेल तेव्हा तो पुढे, काचेकडे वळतो. कडांजवळचे धागे आत वळत असतील तर खालची फट वाढवा. हेल्मेटच्या पातळीवर भोवरे असतील तर आधी कल बदला, एका वेळी थोडासाच. त्याने भागले नाही तरच उंची बदला. एका फेरीत एकच बदल करावा, नाहीतर कशाचा गुण आला हे कळत नाही. कलाने आणि फटीने काम झाले नाही, तर वरच्या कडेला लावायचा छोटा जोडतुकडा मिळतो. नवी काच घेण्यापूर्वी तो वापरून पाहण्यासारखा आहे.

हॅण्डलवर बसवलेली काच हॅण्डलबरोबर वळते, म्हणून आडव्या वाऱ्याचा जोर थेट स्टिअरिंगवर येतो. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावर, खाडीपुलांवर आणि भरधाव ट्रक ओलांडताना हे प्रकर्षाने जाणवते. किंचित ओढ जाणवणे स्वाभाविक आहे. परंतु वेग वाढल्यावर हॅण्डल आपोआप डावीकडे-उजवीकडे डुलू लागले तर हॅण्डल आवळून धरू नका आणि जोरात ब्रेकही मारू नका. अॅक्सिलरेटर हळूहळू सोडून वेग उतरू द्या. त्यानंतर टायरमधली हवा, स्टिअरिंगचे बेअरिंग आणि मागच्या टॉप बॉक्समधले वजन तपासा. काच बहुतेक वेळा आधीपासून असलेला असा दोष उघड करते. हे सर्व ठीक असूनही डुलणे थांबले नाही, तर ती काच त्या गाडीसाठी मोठी आहे, लहान घ्यावी.

निगा

काचेचे आयुष्य ती कशी पुसली जाते यावर ठरते. कोरड्या फडक्याने धूळ पुसणे म्हणजे तिच्यावर वाळू घासणे होय. सिग्नलला किंवा ढाब्यावर तसे कधी करू नये. सुकलेले किडे असतील तर ओले फडके दहा-पंधरा मिनिटे काचेवर पसरून ठेवा, मग भरपूर पाणी ओतून सौम्य साबणाने हाताने धुवा. पेट्रोल, रॉकेल, थिनर आणि घरातल्या खिडक्यांसाठीचे अमोनियायुक्त द्रव यांपैकी काहीही लावू नका. टाकी भरताना काचेवर पेट्रोल उडाले तर लगेच पाण्याने धुवा. मोटारीच्या काचेवर पाणी न टिकावे म्हणून लावायची द्रव्येही प्लास्टिकला चालतात असे डब्यावर स्पष्ट लिहिलेले असेल तरच वापरावीत.

पावसाळ्याच्या आधी आणि नंतर काच उतरवून रबरी बुश पाहा. कडक झालेले, चिरलेले बुश बदलायला फार खर्च येत नाही, आणि त्यांच्याअभावी जाणारी काच काही हजारांची असते. छिद्राभोवती नखाला लागेल असा तडा दिसला, तर त्याच्या टोकाला भोक पाडून किंवा गोंद भरून महामार्गावर जाऊ नये. नवी काच येईपर्यंत ती उतरवून ठेवावी आणि गाडी तशीच चालवावी.